पायडल आणि जमीन यांतील चार बोटे

वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत सायकलच्या पायडलविषयी लेख यावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. लसीकरण, मधुमेह, कुपोषण हे विषय स्मरणिकेला शोभतात. सायकलचे सुटे भाग हा दुकानदाराचा विषय, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या वस्तूचा मुलाच्या मनगटाशी, गुडघ्याशी आणि पोटातील नाजूक अवयवांशी दररोज संबंध येतो, ती वस्तू बालरोगतज्ज्ञाच्या कक्षेबाहेर कशी राहील? बाळाला कोणत्या मापाच्या चमच्याने औषध द्यावे हे आपण आवर्जून सांगतो. तेच बाळ अकरा वर्षांचे होऊन रोज चार-पाच किलोमीटर सायकल चालवू लागते, तेव्हा ती सायकल त्याच्या मापाची आहे की नाही, हे मात्र आपण विचारीत नाही. हा प्रश्न आपण विचारला पाहिजे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

पांढुर्णा आणि सौसर हा परिसर २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत छिंदवाडा जिल्ह्याचा भाग होता. आता पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा आहे. शासनाचे कागद बदलले तरी मुलांच्या शाळेची वाट बदललेली नाही. संत्र्याच्या बागांमधून, कपाशीच्या धुऱ्याला लागून, काळ्या मातीच्या पांदणीतून ती मोठ्या रस्त्याला मिळते. मध्यप्रदेश शासनाच्या निःशुल्क सायकल वितरण योजनेने ही वाट पुष्कळ सुकर केली आहे. ज्यांच्या गावात पुढची शाळा नाही आणि दोन किलोमीटरहून दूर जावे लागते, अशा सहावी व नववीच्या शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांना सायकल मिळते. सहावीसाठी १८ इंची आणि नववीसाठी २० इंची. बिहारमध्ये २००६ साली मुलींसाठी अशीच योजना सुरू झाली. तिचा अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक वर्गांत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. सायकल हे शिक्षणाचे साधन आहे, याविषयी म्हणून कोणाचे दुमत नसावे. पुढे जे लिहिले आहे ते सायकलच्या बाजूने लिहिले आहे.

प्रथम थोडे यंत्रशास्त्र पाहू. पायडल ज्या दांड्याच्या टोकाला बसवलेले असते त्यास क्रँक म्हणतात. क्रँक ज्या आसाभोवती फिरतो तो आस सांगाड्याच्या सर्वांत खालच्या सांध्यात असतो. पायडल खालच्या टोकाला आले असता ते आणि जमीन यांच्यामध्ये जे अंतर उरते, त्यावर आपली सारी चर्चा अवलंबून आहे. आसाची जमिनीपासूनची उंची घ्यावी, तीतून क्रँकची लांबी वजा करावी आणि पायडलची अर्धी जाडीही वजा करावी. राहील ते अंतर. यातली आसाची उंची कारखान्यात ठरते, ती आपल्या हाती नाही. क्रँक मात्र दुकानात बदलता येतो, आणि घोटाळा होतो तो तेथेच.

उदाहरणादाखल मुलांची एक लहान सायकल घेऊ. आस जमिनीपासून २४ से. मी. उंच आहे. मूळ क्रँक साडेपाच इंची, म्हणजे १४ से. मी. लांब आहे. पायडलची अर्धी जाडी दीड से. मी. धरली, तर जमिनीपासून साडेआठ से. मी. अंतर राहते. हा क्रँक मोडला आणि त्या जागी मोठ्या सायकलचा साडेसहा इंची क्रँक बसला, तर तेच अंतर सहा से. मी. उरते. अडीच से. मी.चा फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो. सायकल सरळ चालत असताना तो जाणवतही नाही. परंतु सायकल वळणावर कलते, आणि तेथे हिशेब निराळा होतो. पायडलचे बाहेरचे टोक सायकलच्या मध्यरेषेपासून सुमारे १७ से. मी. बाहेर असते. साडेआठ से. मी. अंतर असता सायकल सुमारे साडेसव्वीस अंशांपर्यंत कलू शकते. त्यापुढे पायडल जमिनीला टेकते. सहा से. मी. अंतर असता ही मर्यादा एकोणीस अंशांवर येते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या नियमात हीच कसोटी घातलेली आहे: पायडल खालच्या टोकाला ठेवून सायकल निदान २५ अंश कलली पाहिजे आणि टायरखेरीज कोणताही भाग जमिनीला लागता कामा नये. आपल्या उदाहरणातील सायकल कारखान्यातून निघताना या कसोटीस उतरत होती. एका दुरुस्तीने ती नापास झाली.

ही आकडेमोड पालकांना सांगण्याची गरज नाही. २५ अंशांच्या कसोटीला उतरण्यासाठी साधारण आठ से. मी. अंतर लागते, आणि मोठ्या माणसाच्या हाताची चार बोटे आडवी धरली तर रुंदी जवळजवळ तेवढीच भरते. सायकल सरळ उभी करावी, पायडल खालच्या टोकाला आणावे, चाकांत पुरेशी हवा असावी, आणि पायडलखाली चार बोटे आडवी सरकवून पाहावीत. सहज गेली तर ठीक. तीनच गेली तर त्या सायकलकडे नीट लक्ष दिले पाहिजे. पूर्वीच्या गृहिणी भाताचे पाणी बोटाच्या पेरांनी मोजीत. त्याच जातीचे हे माप आहे.

आता हे अंतर कमी होते कसे, ते पाहू. पहिले कारण म्हणजे पालकांची दूरदृष्टी. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो, तशीच सायकलही "पुढे पुरेल" अशा हिशेबाने घेतो. सैल सदरा मुलाला पाडत नाही. मोठी सायकल पाडू शकते. शिवाय दुकानात सांगितला जाणारा इंचांचा आकडा कधी चाकाचा असतो, कधी सांगाड्याचा. क्रँकची लांबी त्यातून कळत नाही. दुसरे कारण दुरुस्तीचे. जुन्या पद्धतीच्या सायकलींत क्रँक आसाला कॉटर पिनने अडकवलेला असतो. पिन झिजते, क्रँक हलू लागतो, पायडल मारताना खडखड होते, आणि एक दिवस डाव्या बाजूचा क्रँक निकामी होतो. दुकानात मोठ्या सायकलचा क्रँक तयार असतो, लहान मापाचा मागवावा लागतो. मुलाला उद्या शाळेत जायचे असते. कारागीर मिळेल तो क्रँक बसवून देतो, सायकल चालू लागते, सर्वांचे समाधान होते. डाव्या बाजूला साडेसहा इंच आणि उजव्या बाजूला साडेपाच इंच, अशी विजोड जोडी घेऊन ते मूल पुढची दोन वर्षे शाळेत जाते. यात कारागिराचा दोष काढण्याचे कारण नाही. त्याला कोणी माप विचारले नाही, म्हणून त्याने सांगितले नाही.

यात भर आपल्या वाटांची. पावसाळ्यात बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांनी पाडलेली चाकोरी दिवाळीनंतर वाळून दगडासारखी कठीण होते. सायकलचे चाक त्या चाकोरीत उतरले की दोन्ही बाजूंची माती पायडलच्या जवळ येते. चार बोटांतील दोन तेथेच संपतात. सिमेंटच्या रस्त्याची कडा भरावाविना उघडी असते. तिच्यावरून खाली उतरताना आतले पायडल नेमके कडेवर आपटते. गावोगावचे गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत. त्यातच टायरमध्ये हवा कमी आणि कॅरिअरवर धाकटे भावंड असेल, तर सायकल आणखी खाली बसते. गुळगुळीत रस्त्यावर पुरेसे असणारे अंतर आमच्या पांदणीत पुरत नाही. म्हणून आमच्या मुलांना ते अधिक हवे.

पायडल जमिनीला लागले म्हणजे काय होते? वेग कमी असेल तर नुसता घासल्याचा आवाज होतो. वेग असेल तर पायडल टेकूसारखे काम करते, मागचे चाक क्षणभर उचलले जाते, त्याची जमिनीवरची पकड सुटते आणि सायकल आडवी घसरते. मूल हात टेकवून स्वतःला सावरू पाहते. त्यातून मनगटाचे हाड, कोपराच्या वरचे हाड किंवा खांद्याजवळचे हसळीचे हाड मोडते. कोपराच्या वरचा अस्थिभंग असता हाताची नाडी आणि बोटांची हालचाल तत्काळ पाहावी लागते, हे येथील सहकाऱ्यांना सांगायला नको. पालकांनी मात्र एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. पडताना हँडल वळते आणि त्याचे टोक पोटात रुतते. हँडलची रबरी मूठ निघून गेलेली असेल, तर उघडी नळी पोटावर आदळते. वरून फक्त एक गोल वळ दिसतो; आत मात्र स्वादुपिंड, यकृत, प्लीहा किंवा आतड्याचा आरंभीचा भाग दुखावलेला असू शकतो. मूल त्या दिवशी खेळते आणि दुसऱ्या दिवशी उलट्या करू लागते. सायकलवरून पडलेल्या मुलाचे पोट दुखत असेल, त्याला उलटी होत असेल किंवा पोटावर हँडलचा वळ असेल, तर वाट न पाहता त्याला रुग्णालयात आणावे.

लांब क्रँकचा त्रास पडण्यापुरताच मर्यादित नाही. क्रँक अडीच से. मी.ने वाढला की खालच्या टोकाला पाय पुरत नाही, म्हणून सीट अडीच से. मी. खाली घेतली जाते. वरच्या टोकाला पायडल आधीच अडीच से. मी. वर गेलेले असते. म्हणजे सीटच्या मानाने गुडघा एकूण पाच से. मी. अधिक वर येतो. इतक्या दुमडलेल्या गुडघ्यावर जोर देणे वाढत्या वयात हितकर नाही. अधूनमधून गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचे क्ष-किरण चित्र काढण्यापूर्वी त्याची सायकल पाहावी, असे मला वाटते. शिवाय पाऊल तेवढेच पुढे जाते आणि तीव्र वळणावर बुटाचे टोक पुढच्या मडगार्डला अडकण्याचा संभव वाढतो.

यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात, आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप ज्येष्ठांचा: आम्ही २२ इंची सायकलवर दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकलो, आमचे काय बिघडले? हे खरे आहे. परंतु त्या सायकलींची चाके मोठी आणि आस उंच असे, त्यामुळे लांब क्रँक असूनही पायडलखाली भरपूर मोकळी जागा राही. त्या सायकलचा धोका उंचीचा होता, घासण्याचा नव्हता. शिवाय तेव्हाच्या रस्त्यावर बैलगाड्या होत्या. आज मागून मोटारसायकल आणि संत्र्याचा ट्रक येत असतो; आडव्या पडलेल्या मुलाला उठायला तेव्हा जेवढा अवधी मिळे, तेवढा आता मिळत नाही.

दुसरा आक्षेप शक्तीचा: क्रँक लहान केला तर मुलाला जोर कमी मिळेल. या प्रश्नावर संशोधन झाले आहे. जेम्स मार्टिन आणि वॅनीन स्पिर्डुसो यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सायकलशर्यतपटूंना १२० पासून २२० मि. मी. पर्यंतचे पाच क्रँक दिले. लांबी जवळजवळ दुप्पट होऊनही कमाल शक्तीतील फरक सुमारे चार टक्केच भरला, आणि पायाच्या लांबीच्या सुमारे एक पंचमांश क्रँक सर्वांत अनुकूल ठरला. पुढच्याच वर्षी याच गटाने आठ ते अकरा वर्षांच्या मुलग्यांवर प्रयोग केला. त्यातही नेहमीचा १७० मि. मी.चा क्रँक आणि पायाच्या मापाचा आखूड क्रँक यांत कमाल शक्तीच्या दृष्टीने फरक पडला नाही. हे प्रयोग थोड्या वेळाच्या जोराचे आहेत, चढावरच्या संथ चालीचे नाहीत, हे मान्य करावे लागेल. आखूड क्रँकने चढावर पायाला थोडे जड वाटते. त्याची बरीचशी भरपाई मागचे फ्रीव्हील १८ दात्यांऐवजी २० दात्यांचे बसवून होते. म्हणजे लांब क्रँकने मुलाला विशेष काही मिळत नाही आणि जमिनीपासूनचे अंतर मात्र निश्चित जाते.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. मजुरी करून घर चालवणाऱ्या आईबापांना "दोन्ही क्रँक बदला" असे सांगणे सोपे आहे, त्यांनी ते करणे सोपे नाही. तरीही अस्थिभंगानंतरचा नागपूरचा एक फेरा, क्ष-किरण, प्लास्टर आणि बुडालेली मजुरी यांच्या तुलनेत क्रँकची जोडी पुष्कळ स्वस्त पडते. जेथे तेवढेही शक्य नसेल, तेथे हा भार आपण डॉक्टर आणि गावातील दानशूर मंडळींनी उचलावा.

क्रँक बदलण्याची वेळ आलीच, तर काय पाहावे? लांबी आसाच्या मध्यापासून पायडलच्या आसाच्या मध्यापर्यंत मोजावी. चांगल्या क्रँकवर ती आतल्या बाजूला मि. मी.मध्ये कोरलेली असते. जुना क्रँक दुकानात घेऊन जावा आणि त्याच लांबीचा मागावा. शंका असेल तर आखूड बरा. डावा-उजवा दोन्ही एकाच लांबीचे असावेत. जोडणीचा प्रकारही तोच हवा: कॉटर पिनचा, चौकोनी टोकाच्या आसाचा, किंवा काही लहान सायकलींत असतो तसा दोन्ही बाजू मिळून एकाच वाकवलेल्या दांड्याचा. या शेवटच्या प्रकारात पायडलच्या आट्यांचे माप वेगळे असते, म्हणून दुसऱ्या सायकलचे पायडल त्यात बळाने बसवू नये. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. चुकीचे पायडल पिळून बसवले की क्रँकचे आटे कायमचे जातात. कॉटरच्या दोन पिना परस्परविरुद्ध दिशांनी घालाव्यात, नाहीतर दोन्ही पायडले एका रेषेत येत नाहीत. पायडल जाड रबराचे असल्यास पातळ पायडल घेऊनही थोडे अंतर परत मिळते. आणि मुलाला एक सवय लावावी: वळताना पायडल मारणे थांबवायचे आणि वळणाच्या आतल्या बाजूचे पायडल वर ठेवायचे. ही सवय फुकट आहे आणि आयुष्यभर पुरते.

आता आपल्या संघटनेविषयी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. त्या दिवशी काठावर वैद्यकीय पथके सज्ज असतात, आणि डोके फुटलेल्यांना टाके घालण्यात डॉक्टरांचा दिवस जातो. त्या दिवसाच्या जखमांची चर्चा वर्तमानपत्रांत होते, न्यायालयात होते. शाळेच्या वाटेवरच्या जखमा वर्षभर एक-एक करून येतात, म्हणून त्यांची चर्चा होत नाही. केसपेपरवर आपण "सायकलवरून पडला" एवढे लिहितो आणि पुढचे औषध लिहू लागतो. त्याच ओळीपुढे आणखी तीन शब्दांची जागा ठेवावी: सायकल कोणाची, काय आपटले, काय बदलले होते. वर्षभरात आपल्या परिसरातील दवाखान्यांत हे लिहिले गेले, तर आज जे अनुमानाने बोलावे लागते ते पुराव्याने बोलता येईल, आणि योजनेच्या सायकली खरेदी करणाऱ्यांपुढेही तो पुरावा ठेवता येईल.

दुसरी सूचना अधिक सोपी आहे. दरवर्षी शाळांमध्ये आपण आरोग्य तपासणी शिबिरे घेतो. दात, डोळे, रक्तातील लोह पाहतो. त्याच दिवशी शाळेच्या सायकल स्टँडवरही एक फेरी मारावी. सोबत मोजपट्टी आणि पुठ्ठ्याचा एक काटकोन त्रिकोण असावा: उंची ३० से. मी., पाया १४ से. मी. त्याची तिरपी बाजू उभ्या रेषेपासून २५ अंश कललेली असते. सायकल त्या बाजूला समांतर कलवावी आणि पायडल टेकते का ते पाहावे. गावातील सायकल कारागिरांना सन्मानाने बोलवावे, कारण या विषयातील तज्ज्ञ ते आहेत. सौसर, लोधीखेडा, मोहगाव, तिगाव, नांदनवाडी अशा ठिकाणच्या दुकानांत साडेपाच इंची क्रँकच्या दोन जोड्या कायम राहाव्यात, एवढी व्यवस्था संघटनेने केली, तरी "उद्या शाळा आहे, मिळेल तो बसवा" ही वेळ येणार नाही.

मुलांना शाळेपर्यंत नेणारे वाहन शासनाने दिले, पालकांनी जपले, कारागिराने दुरुस्त केले. ते मापाचे आहे का, हे पाहण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नाही. ते आपण आपल्याकडे घ्यावे, अशी माझी सर्व सहकाऱ्यांना विनंती आहे. त्यासाठी लागणारे पहिले उपकरण प्रत्येकाच्या हाताला आहेच.